परपीडा आणि आत्मपीडा : व्यक्तिमत्त्वाच्या ‘काळ्या’ व ‘दुखऱ्या’ गुणविशेषांच्या संकल्पनेचा इतिहास (१८०१ ते २०२२)

प्रस्तावना

समाजात काही माणसे अशी आढळतात की ती स्वतः स्वस्थ असतात, परंतु त्यांच्या सहवासात येणाऱ्यांचे स्वास्थ्य हरपते. आपला लाभ साधताना दुसऱ्याचा विचार न करणे, केसाने गळा कापणे, स्वतःला अवास्तव मोठे मानणे आणि परदुःखाने मुळीच विचलित न होणे, अशा गुणविशेषांना आधुनिक मानसशास्त्रात ‘काळे’ गुणविशेष म्हटले जाते. याउलट काही माणसे सहज दुखावतात. उपेक्षेची भीती, लज्जा, मत्सर, क्षणात उसळणारा राग आणि त्यामागून येणारी खिन्नता यांनी त्यांचे आयुष्य व्यापलेले असते. त्यांच्या या गुणविशेषांना प्रस्तुत निबंधात ‘दुखरे’ असे संबोधले आहे. पहिला वर्ग दुसऱ्यांना छळणाऱ्यांचा आणि दुसरा स्वतः छळ सोसणाऱ्यांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीनुसारच पहिल्याच्या वाट्याला शिक्षा आणि दुसऱ्याच्या वाट्याला उपचार येत राहिले.

ही विभागणी मनुष्यस्वभावात मुळातच होती की ती कालांतराने केली गेली, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. दोन शतकांचा इतिहास पाहता असे दिसते की आरंभी हे दोन्ही गुणसमूह एकाच संकल्पनेत एकत्र नांदत होते. न्यायालय, तुरुंग आणि उपचारकेंद्र या संस्थांच्या गरजांनी त्यांना वेगळे केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मापनशास्त्राने त्यांच्यातील सामाईक भाग पुन्हा उजेडात आणला.

अभ्यासाची पद्धती व मर्यादा

निबंधाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. मनोविकारशास्त्रावरील प्रमुख ग्रंथ, तत्संबंधी कायदे आणि व्यक्तिमत्त्व मापनाच्या श्रेणी यांचा कालानुक्रमे विचार केला आहे. विषयाचा उगम व विकास मुख्यतः फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी आणि उत्तर अमेरिका येथे झाल्याने विवेचन त्या देशांपुरते मर्यादित ठेवले असून भारताचा विचार कायद्याच्या अनुषंगाने केला आहे.

१. बुद्धी शाबूत, भावना विकृत : आरंभीची संकल्पना

फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल यांचा वेडावरील ग्रंथ १८०१ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी वेड म्हणजे बुद्धिभ्रंश, असे समीकरण रूढ होते. पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयात पिनेल यांना असे काही रुग्ण आढळले की ज्यांचे बोलणे सुसंगत होते, ज्यांना कोणताही भ्रम नव्हता, तरीही संतापाच्या भरात ते भयंकर कृत्ये करीत. अशा अवस्थेला त्यांनी ‘भ्रमाविना उन्माद’ असे नाव दिले. त्यांच्या रुग्णांपैकी एक जण दुर्बळ व लाडावणाऱ्या आईचा एकुलता एक मुलगा होता. मनाविरुद्ध काही घडले की तो चवताळून उठे. अखेर अपशब्द बोलणाऱ्या एका स्त्रीला त्याने विहिरीत ढकलले आणि त्याची रवानगी बिसेत्रमध्ये झाली.

पिनेल यांनी नोंदवलेली दुसरी घटना क्रांतिकाळातील आहे. सशस्त्र जमाव रुग्णालयात शिरला असता एका रुग्णाने इतक्या समंजसपणे उत्तरे दिली की त्याला अन्यायाने डांबले आहे, अशी जमावाची खात्री पटली व त्यांनी त्याला मुक्त केले. बाहेर येताच तो एकाची तलवार हिसकावून सुटका करणाऱ्यांवरच धावून गेला. या दोन्ही प्रसंगांत ज्याला आज ‘काळा’ म्हणता येईल असा थंड, हिशेबी स्वभाव दिसत नाही. दिसते ते आवरता न येणारे क्षोभाचे उधाण. म्हणजे परपीडेच्या आधुनिक संकल्पनेचे आद्य नमुने वस्तुतः आजच्या ‘दुखऱ्या’ वर्गाला अधिक जवळचे आहेत.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉल येथील वैद्य जेम्स कोल्स प्रिचर्ड यांनी १८३५ साली ‘मॉरल इन्सॅनिटी’ ही संज्ञा रूढ केली. या संज्ञेचे भाषांतर ‘नैतिक वेड’ असे केल्यास गैरसमज होण्याचा संभव आहे. त्या काळच्या इंग्रजी वापरात ‘मॉरल’ या शब्दात भावना, प्रवृत्ती आणि स्वभाव यांचाही अंतर्भाव होत असे. बुद्धीत ठळक दोष नसताना भावजीवनात आलेली विकृती प्रिचर्ड यांना अभिप्रेत होती. म्हणूनच त्यांच्या वर्णनात निर्लज्ज, उधळ्या आणि दुष्ट माणसांच्या जोडीला अकारण उदास राहणारी माणसेही येतात. दोन्ही वर्ग एकाच नावाखाली ठेवताना त्यांना काहीही विसंगत वाटले नाही.

२. न्यायालयाची गरज आणि संकल्पनेचा संकोच

ही सैल संकल्पना न्यायालयांना मानवणारी नव्हती. दोषी की निर्दोष, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर न्यायालयाला हवे असते. १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन याने ब्रिटिश पंतप्रधानांच्या सचिवाची हत्या केली. वेडाच्या कारणावरून त्याची सुटका झाल्यावर उठलेल्या वादळातून जे नियम तयार झाले, त्यांनी वेडाची कसोटी ज्ञानापुरती मर्यादित केली. आपण काय करीत आहोत आणि ते गैर आहे हे आरोपीला समजत होते की नाही, एवढेच पाहिले जाऊ लागले. भावना व इच्छाशक्ती यांतील विकृतीला या कसोटीत स्थान उरले नाही.

भारताशी या इतिहासाचा थेट संबंध येथे येतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८४ हे याच विचारधारेतून आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून तीच कसोटी कायम आहे.

अमेरिकेत २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो याने गोळी झाडली आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. स्वतःच्या महत्तेविषयी अवास्तव कल्पना बाळगणारा आणि आपली उपेक्षा झाली म्हणून पेटून उठलेला हा मनुष्य ‘काळा’ होता की ‘दुखरा’, असे आज विचारल्यास दोन्ही उत्तरे द्यावी लागतील. खटल्यात मात्र दुष्ट की वेडा, असे दोनच पर्याय होते. सरकारपक्षाचे तज्ज्ञ जॉन ग्रे यांनी मॉरल इन्सॅनिटी ही संकल्पनाच अमान्य केली, तर बचावपक्षाच्या वतीने एडवर्ड स्पिट्झका यांनी आरोपी जन्मतः विकृत मनोरचनेचा असल्याचे सांगितले. ३० जून १८८२ रोजी गिटोला फाशी देण्यात आले.

इंग्लंडमधील १९१३ च्या मतिमंदविषयक कायद्याने तर ‘मॉरल इम्बेसाइल’ असा स्वतंत्र वर्गच निर्माण केला. प्रिचर्ड यांच्या संज्ञेतील उदास, व्याकूळ माणूस यातून पूर्णपणे वगळला गेला आणि केवळ दुर्गुणी, गुन्हेगारी प्रवृत्तीचा माणूस शिल्लक राहिला. मतिमंद ठरवलेल्या ज्या स्त्रीला अनौरस अपत्याच्या जन्मसमयी सरकारी गरीब-निधीची मदत मिळत असेल, तिलाही संस्थेत डांबण्याची तरतूद याच कायद्यात होती. व्यक्तिमत्त्वाच्या वर्गीकरणात सामाजिक दंडक किती सहजपणे शिरतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

३. कुर्ट श्नायडर यांची दुहेरी व्याख्या

जर्मनीतील विकास निराळ्या दिशेने झाला. युलियस कोख यांनी १८९१ पासून ‘सायकोपाथिक’ हे विशेषण स्वभावातील सर्व प्रकारच्या सौम्य विकृतींना लावले. त्यात दुर्बळ व हळवी माणसेही येत. एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत खोटारडे व ठक, समाजाचे शत्रू, भांडखोर इत्यादी प्रकार वर्णन केले. या यादीवर समाजाला होणाऱ्या उपद्रवाची छाप स्पष्ट दिसते.

या पार्श्वभूमीवर कुर्ट श्नायडर यांच्या १९२३ च्या ग्रंथाचे महत्त्व लक्षात येते. श्नायडर यांच्या मते, आपल्या असामान्य स्वभावामुळे जे स्वतः दुःख भोगतात किंवा ज्यांच्या अशा स्वभावामुळे समाजाला दुःख भोगावे लागते, ते ‘सायकोपाथिक’ व्यक्तिमत्त्वाचे होत. त्यांनी वर्णिलेल्या दहा प्रकारांत भावनाशून्य, स्फोटक व प्रदर्शनप्रिय व्यक्तींच्या शेजारी उदास, स्वतःविषयी साशंक आणि मनाने दुर्बळ व्यक्ती आहेत. परपीडा आणि आत्मपीडा यांना ‘किंवा’ या एका शब्दाने जोडणारी ही व्याख्या प्रस्तुत विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती विधान आहे. श्नायडर यांनी या दोहोंचे मूळ एक असल्याचा दावा केला नव्हता. स्वभावाच्या सरासरीपासून दूर जाणे एवढीच त्यांची समान अट होती. तथापि, दोन्ही वर्गांना एकाच चौकटीत पाहण्याची शिस्त त्यांनी घालून दिली.

४. फाळणी : तुरुंग आणि उपचारकेंद्र

ही चौकट मोडली ती अमेरिकेत. १९४१ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी हर्व्ही क्लेक्ली यांचा ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाह्यतः मोहक, बुद्धिमान, परंतु अंतर्यामी पश्चात्तापशून्य असे सायकोपाथचे चित्र त्यांनी उभे केले. त्यांच्या निकषांत चिंता व अस्वस्थता यांचा अभाव हाही एक निकष होता. याच वर्षी वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयातील बेन कार्पमन यांनी सायकोपथीचे दोन प्रकार वेगळे करण्याची गरज प्रतिपादिली. त्यांच्या मते एका प्रकारात विवेकबुद्धीचाच अभाव असतो, तर दुसऱ्यात समाजविघातक वर्तनाच्या मुळाशी दडपलेला भावनिक संघर्ष असतो. दुसऱ्या प्रकाराला त्यांनी खरी सायकोपथी मानले नाही. १९५७ मध्ये डेव्हिड लिक्केन यांनी या दोन प्रकारांची प्रायोगिक तुलना केली. पहिल्या प्रकारच्या व्यक्ती शिक्षेच्या भीतीने चूक टाळण्यास शिकण्यात मागे पडतात, असे त्यांना आढळले.

कार्पमन यांचा हेतू मानवतावादी होता. ज्यांच्यावर उपचार शक्य आहेत त्यांना ‘असाध्य’ या शिक्क्यातून सोडवावे, असे त्यांना वाटत होते. परंतु याचा परिणाम दुहेरी झाला. निर्भय, थंड मनुष्य हा शुद्ध नमुना ठरला आणि व्याकूळ मनुष्य त्याची दुय्यम आवृत्ती ठरला.

दरम्यान मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात दुसऱ्या गुणसमूहाचा स्वतंत्र अभ्यास चालू होता. फ्रॉइड यांनी १९१४ मध्ये आत्मप्रीतीवर निबंध लिहिला. १९३८ मध्ये अडॉल्फ स्टर्न यांनी ‘सीमावर्ती’ रुग्णांच्या गटाचे वर्णन केले. पुढे हाइन्झ कोहट यांनी १९७१ मध्ये आणि ऑटो केर्नबर्ग यांनी १९७५ मध्ये आत्मप्रीतीविषयी परस्परविरोधी मते मांडली. हे दोघेही व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले होते. कोहट यांना आत्मप्रीतीच्या मुळाशी बालपणी न मिळालेल्या प्रतिसादाची उणीव दिसली, तर केर्नबर्ग यांना क्रोध व मत्सर दिसला. कोहट यांचा रुग्ण मुख्यतः दुखरा होता आणि केर्नबर्ग यांचा मुख्यतः आक्रमक होता. संकल्पना एकच असूनही दोन निरनिराळी माणसे त्यांच्यासमोर होती.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९८० च्या तिसऱ्या निदानपुस्तिकेने या विभागणीवर शिक्कामोर्तब केले. समाजविघातक, सीमावर्ती आणि आत्मप्रीतीप्रधान असे वेगवेगळे विकार त्यात नमूद झाले. प्रत्यक्ष व्यवहारात पहिले निदान बहुधा पुरुषांच्या आणि दुसरे बहुधा स्त्रियांच्या वाट्याला आले. मात्र अमेरिकेतील सर्वसाधारण लोकसंख्येच्या एका मोठ्या पाहणीत (२००८) सीमावर्ती विकाराचे प्रमाण स्त्री-पुरुषांत लक्षणीयरीत्या भिन्न आढळले नाही. तेव्हा निदानातील ही तफावत केवळ स्वभावामुळे नव्हे, तर कोण कोणत्या दारातून संस्थेत प्रवेश करतो यामुळेही पडली असावी, असे अनुमान काढता येते. संतापाच्या भरात हात उचलणारा पुरुष पोलीस चौकीत पोहोचतो, तर स्वतःला इजा करून घेणारी स्त्री रुग्णालयात पोहोचते.

५. मापनशास्त्र आणि सामाईक रचनेचा शोध

विभागलेल्या या दोन प्रवाहांना पुन्हा जवळ आणण्याचे काम सिद्धांतापेक्षा आकडेवारीने अधिक केले. कॅनडातील रॉबर्ट हेअर यांनी कैद्यांच्या अभ्यासासाठी तयार केलेल्या पडताळा-सूचीचे घटक विश्लेषण १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाले. सूचीतून दोन घटक निघाले. एक भावनाशून्य, फसव्या वृत्तीचा आणि दुसरा उतावळ्या, अस्थिर जीवनशैलीचा. कार्पमन यांनी ज्याला सायकोपथीबाहेर काढले होते तो मनुष्य दुसऱ्या घटकाच्या रूपाने परत आत आला.

१९९१ मध्ये पॉल विंक यांनी आत्मप्रीतीच्या निरनिराळ्या श्रेणींचे विश्लेषण केले. या श्रेणी एकाच गोष्टीचे मापन करतात असे मानले जात होते, परंतु त्यांपैकी काहींत परस्पर सहसंबंध जवळपास नव्हताच. त्यातून भव्यता व प्रदर्शन यांचा एक आणि दुखरेपणा व संवेदनशीलता यांचा दुसरा असे दोन घटक पुढे आले. पहिल्याच्या जोडीला आत्मविश्वास होता, तर दुसऱ्याच्या जोडीला चिंता व अंतर्मुखता होती. तथापि अहंमन्यता, स्वतःचे लाड पुरवण्याची वृत्ती आणि इतरांची बेपर्वाई या गोष्टी दोहोंत सारख्याच आढळल्या. कोहट-केर्नबर्ग वादाचे हे संख्याशास्त्रीय उत्तर म्हणता येईल.

२००२ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील डेलरॉय पॉलहस व केव्हिन विल्यम्स यांनी आत्मप्रीती, मॅकिआव्हेलीवृत्ती आणि सायकोपथी यांना एकत्रितपणे ‘डार्क ट्रायड’ अर्थात ‘कृष्णत्रयी’ असे नाव दिले. यांपैकी मॅकिआव्हेलीवृत्तीची श्रेणी रिचर्ड क्रिस्टी व फ्लोरेन्स गीस यांनी १९७० च्या ग्रंथात मांडली होती. पॉलहस व विल्यम्स यांचे प्रतिसादक कैदी वा रुग्ण नव्हते, ते २४५ महाविद्यालयीन विद्यार्थी होते. तुरुंगात जन्मलेली संकल्पना अशा रीतीने वर्गखोलीत आली. व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख परिमाणांपैकी सौजन्याचा अभाव हेच एक या तिन्ही गुणविशेषांत समान आढळले.

यापुढचे पाऊल २०१० मध्ये जोशुआ मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकले. सायकोपथीचा दुसरा घटक, दुखरी आत्मप्रीती आणि सीमावर्ती व्यक्तिमत्त्व यांची तुलना करून त्यांनी ‘दुखऱ्या कृष्णत्रयी’ची संकल्पना तपासली. या तिहींत भावनिक अस्थिरता आणि वैरभाव असे दोन्ही सामाईक आढळले. म्हणजेच दोन त्रयींना जोडणारा दुवा वैरभाव हा असून त्यांना अलग करणारी गोष्ट भावनिक अस्थिरता ही आहे. झ्लाटान क्रिझान व अ‍ॅन हर्लाख यांच्या २०१८ च्या प्रतिमानातही आत्मप्रीतीच्या केंद्रस्थानी ‘मला विशेष वागणूक मिळालीच पाहिजे’ ही हक्काची जाणीव आहे. धाडसी स्वभावात ती भव्यतेचे रूप घेते, तर भित्र्या स्वभावात दुखरेपणाचे.

त्याच वर्षी मोर्टेन मोशागेन, बेंजामिन हिल्बिग आणि इंगो झेटलर यांनी नऊ काळ्या गुणविशेषांच्या मुळाशी एकच सामान्य घटक असल्याचे मांडले. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये बुद्धिमत्तेच्या संदर्भात मांडलेल्या सामान्य घटकाच्या धर्तीवर ही कल्पना बेतलेली आहे. दुसऱ्याच्या हानीची पर्वा न करता, प्रसंगी ती हानी मुद्दाम घडवून, स्वतःचा लाभ साधणे आणि त्या वर्तनाचे स्वतःशी समर्थन करणे, असे या घटकाचे स्वरूप आहे. यातील समर्थनाचा भाग महत्त्वाचा आहे. ‘मी श्रेष्ठ आहे’ हे जसे समर्थन होऊ शकते, तसेच ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ हेही होऊ शकते. काळ्या आणि दुखऱ्या मनांची वाट जेथे एकत्र येते ते स्थान हेच होय.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की सहसंबंधातून मिळालेला घटक म्हणजे कारण नव्हे. भव्यतेतून येणारा वैरभाव आणि अपमानाच्या जखमेतून येणारा वैरभाव प्रश्नावलीवर सारखाच दिसू शकतो. त्यांचे उगम मात्र भिन्न असू शकतात. दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. भावनिक अस्थिरता, चिंता वा खिन्नता हे स्वतः काळे गुण नव्हेत. सामाईक रचना आहे म्हणून प्रत्येक दुःखी मनात दुष्टता लपलेली असते, असा निष्कर्ष काढणे म्हणजे १९१३ च्या कायद्याची चूक उलट दिशेने करणे होय.

६. वर्गीकरणाचा पुनर्विचार आणि भारतीय संदर्भ

या संशोधनाचे पडसाद अधिकृत वर्गीकरणातही उमटले. २०१३ च्या पाचव्या अमेरिकन निदानपुस्तिकेत पर्यायी प्रतिमान म्हणून गुणविशेषांवर आधारित पद्धती समाविष्ट झाली. इंग्लंडच्या कायद्यातील ‘सायकोपाथिक डिसऑर्डर’ हा वर्ग २००७ च्या दुरुस्तीने रद्द झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले अकरावे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण याहून पुढे गेले. त्यात व्यक्तिमत्त्व विकाराचे जुने प्रकार जवळजवळ सर्व काढून टाकले आहेत. विकाराची तीव्रता प्रथम ठरवायची आणि नंतर नकारात्मक भावनाशीलता, समाजविमुखता इत्यादी गुणविशेष नोंदवायचे, अशी त्याची रीत आहे. एकाच व्यक्तीच्या नावापुढे आत्मपीडा व परपीडा दोन्ही नोंदवण्याची सोय त्यात आहे. अपवाद म्हणून केवळ सीमावर्ती आकृतिबंधाचा स्वतंत्र उल्लेख राखला आहे. श्नायडर यांच्या ‘किंवा’च्या जागी जणू ‘आणि’ हा शब्द आला.

भारताच्या दृष्टीने ही बाब केवळ सैद्धांतिक नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३ नुसार मानसिक आजार ठरवण्यासाठी केंद्र शासनाने अधिसूचित करावयाच्या मान्य वैद्यकीय मानकांत जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत वर्गीकरणाचा निर्देश आहे. एकीकडे फौजदारी कायद्यात १८४३ ची ज्ञानाधिष्ठित कसोटी आणि दुसरीकडे आरोग्यविषयक कायद्यात भावना व संबंधांतील बिघाडाला महत्त्व देणारे वर्गीकरण, अशा दोन भिन्न शतकांतील मनुष्यविषयक कल्पना आपल्या व्यवस्थेत शेजारी-शेजारी उभ्या आहेत. गुन्हेगारी जबाबदारी आणि उपचाराची गरज हे प्रश्न वेगळे असल्याने दोन कसोट्या असणे समजण्यासारखे आहे. परंतु उपचाराची गरज मान्य केल्याने जबाबदारी संपत नाही आणि जबाबदारी निश्चित केल्याने उपचाराची गरज संपत नाही, ही जाणीव दोन्हीकडे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. परपीडक आणि आत्मपीडक स्वभाव आरंभीच्या संकल्पनांत एकत्र होते. त्यांची विभागणी केवळ निरीक्षणातून झाली नाही, ती संस्थांच्या गरजांतूनही झाली.

२. न्यायालयाला दोष निश्चित करायचा होता, तुरुंगाला धोका ओळखायचा होता आणि उपचारकेंद्राला साध्य-असाध्य ठरवायचे होते. प्रत्येकाने एकाच माणसाचा आपल्याला हवा तो भाग पाहिला.

३. १९९१ नंतरच्या मापनात वैरभाव व हक्काची जाणीव हा दोन्ही गुणसमूहांचा सामाईक भाग, तर भावनिक अस्थिरता हा भेदक भाग असल्याचे दिसून आले. सामाईक भागाचा उगम एकच आहे, असे मात्र यातून सिद्ध होत नाही.

४. वर्गीकरणाची नावे बदलत गेली तरी नाव देण्याचे परिणाम माणसांनाच भोगावे लागले. कोणाला फाशी झाली, कोणाला संस्थेत डांबले गेले, तर कोणाला असाध्य म्हणून उपचारापासून दूर ठेवले गेले.

आज ‘सायको’, ‘विकृत’, ‘नार्सिसिस्ट’ हे शब्द वृत्तपत्रांतून व समाजमाध्यमांतून सर्रास वापरले जातात. उद्धटपणे वागणारा विद्यार्थी आणि कोषात गेलेला विद्यार्थी हे दोघेही आपल्या वर्गात बसलेले असतात. पुष्कळदा तो एकच विद्यार्थी असतो. त्याच्या वर्तनाबद्दल त्याला जाब विचारणे आणि त्याच्या दुःखाची विचारपूस करणे ही परस्परविरोधी कामे नाहीत. दोन शतकांच्या या इतिहासात ती वेगवेगळ्या संस्थांकडे सोपवली गेली. महाविद्यालयात मात्र ती बहुधा एकाच शिक्षकाला करावी लागतात.